भिंतीवरची कौलं

"याआधी तिघं येऊन गेलेत," मालकीणबाईंनी दारातच बजावलं. "तिघांनीही फटींत सिलिकॉनच भरलं."

इंग्लंडच्या ससेक्समधलं १८९०च्या दशकातलं घर. खाली लाल विटा, वरच्या मजल्याला बाहेरून कौलांचा अंगरखा. नैर्ऋत्येच्या खोलीत वॉलपेपर सुटून लोंबत होता आणि पलंगामागे बुरशीचा काळा नकाशा उमटला होता.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामामुळे असली घरं मला नवी नाहीत. रेल्वे आली तशी लंडनची पैसेवाली मंडळी इकडे घरं बांधू लागली. नॉर्मन शॉसारखे वास्तुविशारद १८६०च्या दशकात वही घेऊन इथली जुनी शेतघरं रेखाटत फिरले आणि भिंतीला कौलं लावायची इथली रीत त्यांनी बंगल्यांत नेली. ईस्ट ग्रिनस्टेडजवळचं स्टँडन हे घर (१८९२–९४) वास्तुविशारद फिलिप वेबने एका लंडनच्या वकिलासाठी बांधलं. त्यात विटा, दगड, फळ्या, कौलं सगळं एकत्र नांदतं, आणि तरी विजेचे दिवे सुरुवातीपासून! आमचं घर त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण बांधणाऱ्याला काम कळत होतं.

परांचीवर चढून खिडकीजवळची कौलं उतरवली. साडेदहा बाय साडेसहा इंचांची, चपटी, आडव्या रिपांवर खिळ्यांनी ठोकलेली. रीप बोटाने दाबली तर भिजलेल्या बिस्किटासारखी आत गेली. खिळे गंजून गेलेले.

तेवढ्यात बाबांचा फोन. मे महिना, रत्नागिरीकडे पावसाची तयारी.

"झाप बांधून झाले का?"

"झाप कसले आता? विणणारं माणूस कुठे मिळतंय? निळं प्लास्टिक ठोकलंय, चारी बाजूंनी घट्ट. पण गेल्या वर्षीपासून भिंत आतून घामेजते बघ."

मी हातातल्या कौलाकडे बघत राहिले. आजोबा पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायचे ते झड अडवायला. थोडं पाणी आत यायचंच, पण मागून वारा खेळायचा, भिंत सुकायची. इथेही तेच. जोडांतून शिरलेलं पाणी कौलांमागून खाली उतरावं आणि उरलेली ओल हवेने सुकावी, असा हिशोब. म्हणून तर सगळ्यात खालची रांग घागऱ्याच्या घेरासारखी बाहेर काढतात, पाणी विटांपासून दूर पडायला.

त्या घेराखालची फट तिघांपैकी कुणीतरी अगदी मन लावून बुजवली होती. बाकीच्यांनी कौलांचे जोड बुजवले. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटच उरली नव्हती.

सुरीने खालची सिलिकॉनची पट्टी कापली. करड्या पाण्याची धार थेट माझ्या बुटांवर. मालकीणबाई खालून ओरडल्या, "दुरुस्ती करताय की मोडताय?" प्रश्न रास्त होता. दुपारपर्यंत ती अख्खी भिंत मी उघडी करून ठेवली होती.

अहवाल चार ओळींत संपला. सिलिकॉन सगळं काढा, नव्या रिपा, तांब्याचे खिळे, धड असलेली जुनी कौलंच परत चढवा. आणि फटी उघड्या ठेवा; ही ओळ मी अधोरेखित केली, कारण चौथा कुणीतरी येणारच.

बाबांनी प्लास्टिक खालून सैल केलं का, ते विचारायचं राहिलंय.