मुळांच्या मधून गेलेली नस

खालची अक्कलदाढ काढून घेण्यासाठी आलेल्या त्या रुग्णाची चाळिशी उलटलेली होती. दाढ पुढच्या दाढेवर तिरकी रेललेली होती, अर्धी हाडात रुतलेली होती, आणि तिच्यातली कीड गाभ्यापर्यंत पोहोचल्यामुळे ठणका थांबत नव्हता. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, पाहताना मात्र माझे लक्ष किडीपेक्षा मुळांकडे गेले. जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेचा (मज्जातंतूचा) कालवा जिथे मुळांना छेदताना दिसत होता, तिथे मुळांवर काळसर पट्टा होता आणि कालव्याची वरची पांढरी रेघ तुटलेली होती. रूड आणि शेहाब या संशोधकांनी १९९० मध्ये धोक्याच्या म्हणून अभ्यासलेल्या सात खुणांपैकी या दोन खुणा अधिक गंभीर मानल्या जातात. कालव्याने वळण घेणे ही तिसरी. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घेतला, तेव्हा नस दोन मुळांच्या मधून गेलेली आणि मध्ये हाडाचा थरही नसलेला स्पष्ट दिसला. त्रिमितीय चित्राने नस कुठे आहे ते कळते, तिला असलेला धोका त्यामुळे टळत नाही, हे रुग्णालाच नव्हे तर कधीकधी सहकाऱ्यांनाही सांगावे लागते.

ही नस खालच्या दातांना, खालच्या ओठाच्या त्या बाजूला आणि हनुवटीला संवेदना पुरवते. तिला इजा झाली तर ओठ बधिर होतो, पण वाकडा होत नाही, कारण ओठ हलवणारी नस वेगळी असते. रुग्णाची खरी भीती चेहरा वाकडा होण्याचीच होती आणि ती दूर झाल्यावर तो बाकीचे नीट ऐकू लागला. तात्पुरती बधिरता शंभरात काही जणांना येते आणि कायमची शंभरात एकाहूनही कमी जणांना, हे मी त्याला सांगितले. मात्र हे आकडे सोप्या-अवघड सगळ्या दाढांचे मिळून आहेत, तुमच्या दाढेचा धोका त्याहून बराच जास्त आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. सरासरीचा आकडा पुढे करून सही घेणे मला पटत नाही.

अशा दाढेचा फक्त वरचा भाग कापून काढायचा आणि मुळे जागच्या जागी ठेवायची, हा मार्ग एरवी मी आधी सुचवला असता. पण त्यासाठी मुळे निरोगी आणि घट्ट असावी लागतात. इथे कीड गाभ्यात शिरलेली होती. आत ठेवलेल्या मुळांना संसर्ग झाला असता तर त्याच नसेजवळ पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली असती. दाढ तशीच ठेवणे तर शक्यच नव्हते. विचार करण्यासाठी वेळ घेऊन रुग्णाने दाढ पूर्ण काढण्याचा निर्णय घेतला.

शस्त्रक्रियेत दाढेचा माथा वेगळा केला, मग मुळे एकमेकांपासून विलग केली आणि प्रत्येक मूळ त्याच्या वाकाच्या दिशेने, नसेवर दाब येणार नाही अशा बेताने बाहेर काढले. जिभेच्या बाजूच्या हाडाला हात लावला नाही, कारण तिथून जिभेची नस जाते आणि काही जणांत ती हाडाच्या कडेइतकी वर असते. दुसरे मूळ निघाल्यावर खळग्याच्या तळाशी पांढुरकी नस उघडी दिसली. ती अखंड होती. अशा वेळी तळ खरवडणे, सक्शनचे टोक तिथे टेकवणे किंवा औषधाचा बोळा दाबून बसवणे हे सारे कटाक्षाने टाळायचे असते. खळगा सलाइनने हलकेच धुतला, टाके घातले आणि नस दिसल्याची नोंद लगेच केली.

भूल उतरायला हवी होती तो वेळ उलटून गेल्यावर मी संध्याकाळी स्वतः फोन केला.

"डॉक्टर, जीभ मोकळी झाली, पण ओठ अजून जडच आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला डोळे मिटायला सांगून कापसाच्या तंतूने, मग टोकदार आणि बोथट टोकाने तपासले आणि बधिर भागाची सीमा त्वचेवर आखून तिचे छायाचित्र घेतले. स्पर्श पूर्ण गेलेला नव्हता; टोचणी कळत होती, पण ती जाड कापडाआडून टोचल्यासारखी वाटत होती, आणि हे लक्षण आशादायक होते. जीवनसत्त्वाच्या गोळ्या अशा वेळी सर्रास दिल्या जातात. त्यांचा पुरावा भक्कम नसल्याचे सांगून मी त्यांच्यावर भिस्त ठेवली नाही. त्याऐवजी गरम पेय आधी दुसऱ्या बाजूने घेऊन पाहणे, जेवताना ओठ चावला जाणार नाही हे बघणे आणि दाढी करताना आरशात लक्ष ठेवणे, एवढे पक्के सांगितले.

काही आठवड्यांनी त्याने मुंग्या येत असल्याची तक्रार केली. त्याला ती बिघाडाची खूण वाटत होती. मला मात्र नस सावरत असल्याची वाटली. प्रत्येक भेटीत आखलेली सीमा आक्रसत गेली. सहाव्या महिन्यात हनुवटी पूर्ववत झाली होती, ओठाच्या कडेला नखाएवढा भाग मात्र अजून वेगळा जाणवत होता. तो आता त्रास देत नाही, असे रुग्णाने सांगितले. तरीही वर्षभरानंतरच्या तपासणीची तारीख मी त्याच्या कागदावर लिहून दिली.