एकच काम, तीन सिस्टिम: सीपी/एम, डॉस आणि युनिक्स

जुन्या कमांड-लाइन सिस्टिमचे तुलनेचे तक्ते मी बरेच वाचले, पण त्यातून नीट काही उलगडेना. शेवटी लॅपटॉपवर एमुलेटर (जुन्या संगणकांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम) टाकले आणि तिन्हींवर एकच काम करायचं ठरवलं: दोन ओळींची फाइल लिहायची, तिची प्रत काढायची, नाव बदलायचं. बस्स.

सुरुवात सीपी/एम २.२ पासून केली. गॅरी किल्डॉलने १९७४ च्या सुमारास उभी केलेली ही सिस्टिम. फाइल लिहायला 'ईडी' हा संपादक, पण प्रत काढायची कमांड सिस्टिममध्ये नाहीच. त्यासाठी 'पिप' नावाचा वेगळा प्रोग्रॅम डिस्कवर असावा लागतो. त्यातही क्रम उलटा, 'पिप नवी=जुनी'. नाव बदलतानाही तसंच, नवीन आधी. बीजगणितातल्या समीकरणासारखं वाचलं की हात बसतो.

खरी गंमत 'डंप' चालवल्यावर आली. हा प्रोग्रॅम फाइलमधला प्रत्येक बाइट सोळाच्या पायावरच्या (हेक्स) आकड्यांत दाखवतो. सोळा-सोळा बाइटच्या आठ रांगा उमटल्या. पहिल्या दोन रांगांत माझा मजकूर, आणि पुढे शेवटपर्यंत १ए, १ए, १ए. सीपी/एमच्या डिरेक्टरीत, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या यादीत, फाइलची लांबी बाइटमध्ये नसतेच, १२८ बाइटच्या रेकॉर्डमध्ये असते. मग मजकूर नेमका कुठे संपला हे फाइलमध्येच सांगावं लागतं. ते काम कंट्रोल-झेड करतो, म्हणजेच हा १ए.

मग डॉस. इथे डिरेक्टरीत लांबी अगदी बाइटपर्यंत नोंदलेली, त्यामुळे खुणेची गरजच उरत नाही. तरी मुद्दाम मजकुराच्या मधोमध कंट्रोल-झेड घालून 'टाइप' ही फाइल स्क्रीनवर दाखवायची कमांड दिली, तर छपाई तिथेच थांबली! कारण टिम पॅटरसनने १९८० मध्ये ८६-डॉस (डॉसचं मूळ रूप) लिहिताना सीपी/एमचे प्रोग्रॅम इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवर सहज आणता यावेत याची काळजी घेतली होती. प्रोग्रॅम सिस्टिमकडून नंबर देऊन कामं करून घेतात; त्यातली स्क्रीनवर मजकूर छापायची सेवा दोन्हीकडे नऊ नंबरचीच, आणि त्या मजकुराचा शेवटही दोन्हीकडे डॉलरच्या चिन्हाने. म्हणून डॉसला कुणी सीपी/एमची नक्कल म्हटलं की मला ते अर्धवट वाटतं. वरचा चेहरा आणि सेवांचे नंबर तिकडचे, पण डिस्कवर फाइल ठेवायची पद्धत वेगळी, आणि माझ्या मते सरस. 'कॉपी'मध्येही जुनी फाइल आधी, नवी नंतर.

युनिक्सची सहावी आवृत्ती (१९७५) मात्र वेगळ्याच घरातली. 'ईडी' इथेही आहे, पण फाइल साठवली की तो बाइटची संख्या छापून मोकळा होतो. शेवटची खूण वगैरे काही नाही. इथे वेळ गेला तो अक्षर खोडण्यात. बॅकस्पेस चालत नाही. चुकलेलं अक्षर '#' दाबून रद्द करायचं, अख्खी ओळ '@' ने. तेव्हाच्या टेलिटाइपवर (स्क्रीनऐवजी कागदावर छापणारं टर्मिनल) कागदावर छापलेलं अक्षर पुसता येत नाही, हे लक्षात घेतलं की हे पटतं. पण नाव बदलायला आणि फाइल दुसऱ्या डिरेक्टरीत हलवायला एकच 'एमव्ही', हे सुख बाकी दोघांत मिळालं नाही. तिथे तेव्हा उपडिरेक्टरीच नव्हत्या. डॉसमध्ये त्या १९८३ च्या २.० आवृत्तीत आल्या.

कुणाला हे करून बघायचं असेल तर सीपी/एम आणि डॉस लागोपाठ घ्या, आणि 'डंप' अजिबात चुकवू नका.