दोन गाड्यांची एक गाडी

आज सकाळपासून तीन सेकंडहँड गाड्या बघितल्या, कंबर बोलायला लागलीय. घरात एक स्विफ्ट आणि बाबांची बोलेरो. बोलेरोला १५ वर्षं होत आली, म्हणजे पुन्हा पासिंग. दोन्ही विकून एकच घ्यायची, शहरातही चालेल आणि वेल्ह्याच्या शेतावरचा शेवटचा चिखलाचा चढही काढेल अशी.

पहिली थार. एजंट म्हणाला, "साहेब, पक्की फोर बाय फोर." (म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी.) आत बसलो, तर गिअरच्या बाजूला फोर बाय फोर टाकायचा दुसरा दांडाच नाही! २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, बाहेरून चटकन ओळखू येत नाही. त्याला विचारलं, तर तो फोनवर बोलायला लागला.

दुसरी खरी फोर बाय फोर. मोकळ्या मातीत फोर-लो (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त) टाकून चालवली, मस्त! (डांबरावर फोर बाय फोरमध्ये वळवू नका, दातेरी चाकांवर ताण येतो.) पण दारं दोनच. आईला मागे चढवताना पुढची सीट पाडली, ती म्हणाली, "मला इथेच राहू दे, तुम्ही या जाऊन."

तिसरी पाच दारांची जिम्नी. आई आरामात बसली. बाबांनी मागचं दार उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "खताच्या गोण्या कुठं ठेवायच्या?"

बोलेरोच्या पासिंगला किती खर्च येतो, कुणी सांगेल का?