बोट न उचलता : आमची वाटचाल

रत्नागिरीतील घराच्या पडवीत दोन संगणक मांडून आम्ही हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आंबा बागायतदारांच्या पेट्यांचे हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर हेच आमचे मुख्य काम होते. मार्चपासून मेअखेर श्वास घ्यायला सवड नसे आणि पावसाळ्यात हात रिकामे राहत. अशाच एका आषाढात वहिनींनी लहानपणचे कोडे पाटीवर काढून दाखवले. खाली चौकोन, त्यात कोपऱ्याला कोपरा जोडणाऱ्या दोन तिरप्या रेघा आणि वर छप्पर. हे घर हात न उचलता आणि एकही रेघ पुन्हा न गिरवता काढायचे. मोबाईलच्या पडद्यावर बोटाने सोडवायच्या अशा कोड्यांचा खेळ करावा, हे त्या पाटीवरच ठरले.

या घराच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत तीन-तीन रेघा मिळतात, इतर सर्व ठिकाणी मिळणाऱ्या रेघांची संख्या सम असते. क्योनिग्सबर्ग शहरातील सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का, हा प्रश्न सोडवताना गणितज्ञ ऑयलर यांनी १७३६ साली दाखवले की, विषम रेघांचे बिंदू दोनांहून अधिक असतील तर अशी सलग वाट निघतच नाही, आणि दोन असतील तर एकापासून निघून दुसऱ्यावरच थांबावे लागते. म्हणून खालच्या कोपऱ्यापासून आरंभ करणाऱ्याचे घर पुरे होऊ शकते. शेंड्यापासून आरंभ करणारा कितीही हुशार असला तरी अडकतो. हा नियम आम्ही खेळात कोठेही सांगत नाही, कारण तो खेळणाऱ्याच्या बोटाला आपोआप उमगतो तो क्षण आम्हाला फार मोलाचा वाटतो.

हाच नियम आम्ही स्वतः एकदा विसरलो. प्रकाशनाच्या आदल्या रात्री एक आकृती गिचमिड दिसते म्हणून मी तिच्यातील एक रेघ पुसली. रेघ पुसली की तिच्या दोन्ही टोकांची सम-विषम संख्या बदलते, त्यामुळे दोन विषम बिंदूंचे चार झाले. आठवडाभराने गावातील एका निवृत्त मास्तरांचा फोन आला : “तुमचे चौतिसावे कोडे मी तीन दिवस सोडवतो आहे. ते सुटण्याजोगे नाही.” त्यांनी कागदावर सर्व बिंदू मोजले होते. त्यांचे ते तीन दिवस माझ्या मनाला आजही लागून आहेत. तेव्हापासून प्रत्येक कोडे संगणकाने तपासल्याशिवाय आणि वहिनींनी बोटाने सोडवल्याशिवाय बाहेर जात नाही.

दुसरी अडचण बोटाचीच होती. रेघ बोटाखाली झाकली जाते, त्यामुळे बिंदू नेमका गाठला की नाही हे कळत नाही. आता बिंदू दिसायला बारीक असला तरी त्याभोवतीची सुमारे ९ मिलिमीटरची जागा स्पर्श स्वीकारते आणि बोटाच्या बाहेर दिसेल एवढे वर्तुळ उमटते. मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडून आलेल्या एका काकूंच्या हातात फोन दिला, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. पडदा स्पर्श ओळखतो तो विद्युतभारातील बदलावरून, आणि ओल्या काचेवर पाणीही तसाच बदल घडवते. काकूंची रेघ मध्येच तुटून भलतीकडे उडी मारू लागली. पूर्वी रेघ तुटली की कोडे पहिल्यापासून सुरू होई. आता ती शेवटच्या बिंदूपाशी थांबून राहते आणि बोट पुसून तेथूनच पुढे जाता येते. आमच्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस असतो. कोरड्या बोटांपुरता खेळ करून भागले नसते.

उत्पन्न जाहिरातींतून येते आणि ते बेताचे आहे, त्यामुळे आंब्याचे हिशेब आम्ही सोडलेले नाहीत. कोडे चालू असताना मात्र जाहिरात दाखवायची नाही, हे आम्ही पाळले आहे.

सध्या ठिपक्यांच्या रांगोळीवर आधारित पन्नास कोड्यांचा नवा संच चाकरमानी चतुर्थीला गावी येण्यापूर्वी पूर्ण करायचा आहे. संगणकाने सर्व कोडी तपासून झाली आहेत, वहिनी एकेचाळिसाव्या कोड्यावर आहेत आणि मास्तरांकडे कालच पहिली प्रत पोहोचवली आहे.