तुम्ही विचारलंत म्हणून: परत का आले

कोल्हापुरात खासबागेत भेळ खाताना, चुलत बहिणीच्या हळदीत, दाताच्या डॉक्टरांकडं तोंड उघडं टाकून बसलेली असताना, सगळीकडं एकच प्रश्न. "मग तिकडंच का नाही राहिलीस?" विचारणारा उत्तराला थांबत नाही, हे माझं खरं दुखणं. त्याच्याकडं दोन उत्तरं तयार असतात. एक, पोरीला झेपलं नाही. दोन, पोरीला आपल्या मातीची ओढ. पहिलं मामा लोकांचं, दुसरं व्हॉट्सॲपवर फुलं पाठवणाऱ्या काकूंचं. आजवर मी दोन्हीला मान हलवली. आता एकदा लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या हळदीत निवांत जेवता येईल.

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला एक सेमिस्टर फ्लॉरेन्सला कशी गेले, स्कॉलरशिप कसली, महालक्ष्मी एक्सप्रेसनं व्हिसासाठी मुंबईला कशा खेपा घातल्या, ते सगळं तुम्हाला पाठ आहे. पप्पांनी कुणाला सांगायचं ठेवलेलं नाही.

सोपं उत्तर कागदांचं. इटलीत उतरल्यावर कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात द्यावा लागतो. त्याला १६ युरोचं तिकीट चिकटवायचं, आणि ते मिळतं तंबाखूच्या दुकानात. पोस्ट जी पावती देतं ती जिवापाड जपायची, कारण बोटांचे ठसे पुढं कधीतरी होतात आणि कार्ड त्याच्याही पुढं. सेमिस्टरला आलेली कितीतरी पोरं कार्डाचं तोंड न बघताच परत जातात. मीही त्यातलीच, अख्खा मुक्काम एका पावतीवर काढला. सेमिस्टर संपलं, मुदत संपली, आले. हे उत्तर खोटं नाही. पण पुरत नाही, कारण मला आणखी एक सेमिस्टर राहता येत होतं. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही, आणि ती सांगायची तर आधी परीक्षेचं सांगावं लागेल.

तिकडं परीक्षा तोंडी असते हे मला माहीत होतं. ती सगळ्यांच्या देखत असते हे माहीत नव्हतं. मॅडम टेबलापलीकडं, तुम्ही अलीकडं, आणि मागं बाकीची पोरं बसून ऐकतायत, कुणी वही चाळतंय, कुणी केळं खातंय. गुण ३० पैकी, १८ ला पास. शेवटी आकडा सांगतात आणि विचारतात, घेता का? नको म्हणालात की झालेली परीक्षा झालीच नाही असं धरायचं, पुढच्या तारखेला पुन्हा बसायचं. माझ्या आधीच्या इटालियन पोरीला २७ सांगितले. ती नको म्हणाली, केसांत पिन खोचली आणि उठली. सत्तावीस! मला तेवढे पडले असते तर पप्पांनी शिरोली एमआयडीसीत शेजारपाजारच्या वर्कशॉपमध्येही पेढे वाटले असते.

विषय जुन्या इमारतींच्या जतनाचा, माझा सगळ्यात लाडका, शिकवणं इंग्रजीतून. मॅडमनी विचारलं, १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नो नदीचं पाणी गावात शिरलं, मग उतरलं. त्यानंतर भिंतीच्या आत काय चालू होतं? त्या पुराच्या पाट्या फ्लॉरेन्सभर भिंतींवर आहेत, पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ मारलेल्या. काही तर माझ्या डोक्याच्या किती तरी वर. म्हणजे प्रश्न अपेक्षितच होता. मी सुरू झाले. विटेच्या बारीक छिद्रांतनं पाणी वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं. पाणी वाळून जातं, क्षार मागं राहतात, त्यांचे स्फटिक होतात, आणि ते गिलाव्याचा पापुद्रा आतून ढकलून पाडतात. त्यावर सिमेंट थापलं तर आणखी वाटोळं, कारण चुन्यातनं भिंतीची ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून धरतं. एका दमात, वहीत होतं त्याच क्रमानं.

मॅडमनी हात वर केला. "हे मी शिकवलंय. तुम्ही काय बघितलंय ते सांगा."

मी गप्प.

मी बघितलेलं म्हणजे काय, हेच मला कळेना. डोक्यात त्यांच्याच स्लाइडा फिरत होत्या. मागं कुणीतरी बॅगेची चेन ओढली. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, त्याची आपल्याला सवय असते. त्या नुसत्या वाट बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही, पेन खाली ठेवलेलं. मग त्यांनी प्रश्न आणखी सोपा केला, आणि ते जास्त लागलं. "तुम्ही जिथनं आलात, त्या गावाला नदी आहे?"

"येस," मी म्हणाले. एवढंच. नदीचं नावसुद्धा घेतलं नाही.

२३. घेता का? घेतले. वर थँक्यू म्हणाले.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी आले आणि मावशीची भिंत आठवली. मावशी शाहूपुरीत राहते, कुंभार गल्लीत, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. मी तेव्हा अकरावीत. पाणी उतरल्यावर आम्ही सगळ्यांनी घमेल्यानं चिखल काढला, आणि दिवाळीआधी भिंतीला छानपैकी सिमेंटचा गिलावा झाला. पुढच्याच वर्षी लोणा धरला. आधी जमिनीलगत पांढरी पूड, मग रंगाचे फुगे, मग ते फुगे रात्री गादीवर पडायचे. मावशी सकाळी चादर झटकायची. डाग झाकायला तिनं अंबाबाईचं कॅलेंडर लावलं. लोणा वर चढला की कॅलेंडरही एक खिळा वर. मी त्याच खोलीत झोपलेय, माझ्या केसांत तो गिलावा पडलाय. आणि मला विचारलं तर, येस.

तेव्हाची मी म्हणते, इंग्रजी अडलं. आत्ताची मी तिला विचारते, मग स्फटिकांवर एवढी फाडफाड कशी बोललीस? ती म्हणते, परीक्षेत मावशीचं घर कोण सांगतं? बालवाडीपासून कुणी विचारलं होतं का? यावर माझ्याकडं उत्तर नाही. आणि गुण नाकारले का नाहीस, असं तिला विचारायचा तर मला हक्कच नाही. पुढची तारीख परतीच्या विमानानंतरची होती, इकडच्या कॉलेजला मार्कशीट वेळेत हवी होती. त्या पोरीला २७ सोडता आले, कारण तिचं घर ट्रामनं जाण्याच्या अंतरावर होतं. तिचा राग नाही. थोडा आहे.

दोन दिवसांनी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मावशीला म्हटलं होतं, भिंतीचा फोटो पाठव. तिनं पाठवला तो स्वतःचा, नवी साडी नेसून, भिंतीपुढं उभी. तोच दाखवला आणि कॅलेंडरची सगळी गोष्ट सांगितली. मॅडमनी फोटो मोठा करून करून बघितला. गुण काही वाढवले नाहीत, पण म्हणाल्या, आणखी एक सेमिस्टर राहा, यावरच काम करू, कागदपत्रांचं मी बघते. जागा मिळेल, स्कॉलरशिप मात्र पुढं नाही.

पप्पांना फोन केला. तिकडं आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, म्हणजे माझी मध्यरात्र आणि पप्पांचा पहाटेचा चहा. पप्पांनी एकही प्रश्न विचारला नाही. "राहा की. बघू या."

आमच्या घरात 'बघू या' म्हणजे पतसंस्था. ताईच्या लग्नाला 'बघू या' झालं होतं, नव्या लेथला झालं होतं. फ्लॉरेन्समध्ये खोलीतल्या नुसत्या एका पलंगाचं भाडं चारशे युरोच्या घरात. मी हिशोब केला. पूर्ण केलासुद्धा नाही, मध्येच सोडला.

"नको पप्पा, येतो मी," म्हणाले. (आम्ही कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतो, बाहेरच्यांनी दचकू नये.)

तर पैशासाठी परत आले? असं म्हटलं तर पप्पांना लागेल, आणि ते हे वाचणार आहेत. शिवाय ते पूर्ण खरंही नाही, त्यांनी उभे केले असते. मग ओढीनं? मला तिकडं फार बरं वाटायचं हो. रात्री दहाला बाहेर पडले तरी कुठं चाललीस विचारायला कुणी नाही, ही चैन कुठली माती भरून देणार आहे? मग भीतीनं? थोडी होती. पेन खाली ठेवून वाट बघणारा तो चेहरा पुन्हा समोर येणार, आणि आपण पुन्हा येस म्हणणार, ही. फोनवर बोलताना यातलं नक्की काय मनात होतं ते आज शोधायला गेलं की जे हवं ते सापडतं. म्हणून मी विचारणारा बघून उत्तर देते. मामांना कागदपत्रं, काकूंना माती.

दुसरा ठरलेला प्रश्न, महाराजांच्या समाधीला गेलीस का? गेले. इंग्लंडहून परतताना कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, जेमतेम विशीत. आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते त्या संगमावर दहन झालं, आणि १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँट यांचा, पुढं आपला नवा राजवाडा ज्यांनी काढला तेच. काशिने बागेच्या अगदी टोकाला आहे, ट्राम सोडून बरंच चालावं लागतं. पप्पांशी बोलणं झालं त्याच आठवड्यात गेले होते. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा. थंडी मरणाची, एक माणूस कुत्रं फिरवत होता. मला कसलाही साक्षात्कार झाला नाही. फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर एकतीस नमस्कार आले. काकूंना हा फोटो दाखवला की त्यांचं उत्तर त्यांना मिळतं. बघा, महाराजांनीच धाडलं परत. मी आता वाद घालत नाही.

आणि नाही, माझा थिसिस मावशीच्या भिंतीवर नाही. बस टर्मिनलवर आहे. कुंभार गल्लीचं नाव काढलं तर गाइड म्हणाले, एवढ्याशा घरांत डिझाइन काय दाखवणार? मी दोनदा बोलून बघितलं, मग टर्मिनल घेतलं. मावशीनं या दिवाळीला पुन्हा सिमेंटच मारलं. मी गवंड्याला चुन्याचं सांगायला गेले, तर तो म्हणाला, "ताई, चुन्याचं काम येणारा माणूस दाखवा, उद्यापासून हजेरीवर घेतो." मला दाखवता आला नाही. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर नंबर द्या, हे मनापासून सांगतेय.

"मग परत जाणार का?" हा तिसरा. मास्टर्सचा अर्ज निम्मा भरून ठेवलाय. मॅडमना शिफारसपत्रासाठी मेल करायची आहे, मसुदा तयार आहे, पाठवलेला नाही. पप्पांना माहीत आहे, आईला नाही. तेव्हा घरी आलात तर हा प्रश्न तेवढा माझ्याजवळ गॅलरीत विचारा, स्वयंपाकघरात नको.