उतारा कुणी काढला?

खानदेशातल्या पाच दिवसांपैकी माझ्यासोबत परत आला तो एक प्रश्न. चोपड्याच्या अलीकडच्या एका कॉलेजात, तिसऱ्या बाकावरून आलेला. बाकीचे दिवस एका ओळीत मावतात: भुसावळला उतरले, फैजपूर-सावद्याच्या केळीच्या बागा डोळेभर पाहिल्या, दोन कॉलेजांत बोलले, तापी ओलांडून जळगावला आले आणि रात्रीची गाडी धरली.

यावल सोडल्यावर बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याने अंगातला प्रत्येक सांधा मोजून घेतला. डावीकडे केळी, मध्येच वेचणी संपलेली पऱ्हाटी, उजव्या हाताला लांबवर सातपुडा. जानेवारीची थंडी होती म्हणून निभावलं. मे महिन्यात या वाटेला कुणी कार्यक्रम ठेवला तर मी जाणार नाही.

विषय होता शिशाच्या अणुकेंद्रांची टक्कर झाल्यावर किती कण जन्मतात आणि ते मोजतात कसे, हा. दोन तास ठरले होते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि मनोगतं यांत एक तास दहा मिनिटं गेली. हे मला फार खटकलं. पाहुण्याचा मान राखताना इथली माणसं हात आखडत नाहीत, आणि दुपारी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी ज्या मायेने वाढली ती मी विसरणार नाही. पण समोर अडीचशे पोरं कंपासपेटी घेऊन बसलेली असताना तो तास त्यांच्या वाट्यातून जातो. आता मी निमंत्रण स्वीकारतानाच कळवते: सत्कार करायचाच तर शेवटी करा.

उरलेल्या पन्नास मिनिटांत भाषण सोडून थेट कागदावर आलो. कोणत्याही शिक्षकाला वर्गात करता येईल अशी ही कृती आहे, म्हणून मापांसकट देते. ड्रॉइंगच्या कागदाच्या मधोमध एक बिंदू घ्या. ही टकरीची जागा. तिच्याभोवती ३.९ आणि ७.६ सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. ही मापं खरी आहेत. जिनिव्हाजवळ सर्न प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर घेराच्या एलएचसी या कणांच्या वेगवर्धकावर ॲलिस नावाचा डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारं यंत्र, आहे. त्यात २०१८ पर्यंत सगळ्यांत आतले सिलिकॉन पिक्सेलचे दोन थर याच अंतरांवर होते, दोन्ही मिळून ९८ लाख पिक्सेल. म्हणजे कागदावर उमटतो तो त्या अवाढव्य यंत्राच्या गाभ्याचा खऱ्या आकाराचा छेद.

आतल्या वर्तुळावर वाटेल तिथे २० ठिपके द्या. केंद्रातून प्रत्येक ठिपक्यावरून पुसट रेषा ओढा. ती बाहेरच्या वर्तुळाला छेदते तिथून डावीकडे किंवा उजवीकडे, चार मिलिमीटरच्या आत, दुसरा ठिपका द्या. चारच का? ॲलिसचं चुंबकीय क्षेत्र ०.५ टेस्लाचं असतं आणि त्यात विद्युतभारित कणाची वाट वळते. ५० एमईव्ही (कणांचा संवेग आणि ऊर्जा मोजण्याचं एकक) संवेगाचा मंद कण पहिल्या थराकडून दुसऱ्याकडे जाताना सुमारे सव्वातीन अंश सरकतो, म्हणजे बाहेरच्या वर्तुळावर चार मिलिमीटरहून किंचित जास्त. जोरदार कण जवळपास सरळच जातो. आता रेषा खोडा आणि कागद शेजाऱ्याला द्या. त्याच्याकडे फक्त ठिपके. केंद्र आणि आतला ठिपका जोडून रेषा पुढे न्यायची, तिच्या दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटरच्या आत बाहेरचा ठिपका सापडला की जोडी पक्की. खऱ्या विश्लेषणातली खिडकीही याच मापाच्या जवळची असते. अशा जोडीला ट्रॅकलेट म्हणतात.

२० ठिपक्यांना सगळे भराभर सुटले. मग प्रत्येक वर्तुळावर २०० ठिपक्यांचा कागद वाटला आणि खोली गप्प झाली. बाहेरच्या वर्तुळाचा परीघ पावणेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर, खिडकी १२ मिलिमीटर रुंद, म्हणजे परिघाचा चाळिसावा भाग. दोनशे ठिपके असतील तर प्रत्येक खिडकीत सरासरी पाच परके शिरणार. कुणाशीही जोडी लावा, लागतेच. खिडकी २ मिलिमीटरवर आणली की परके कमी होतात, पण मंद कणही बाहेर राहतात. यातून सुटका नाही, फक्त हिशेब आहे. बाहेरचं वर्तुळ ठिपक्यांसकट बटर पेपरवर उतरवून घ्या, अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा जोड्या लावा. खरा जोडीदार आता समोरच्या टोकाला गेलेला आहे, त्यामुळे जी जोडी लागेल ती खोटी. २० ठिपक्यांच्या कागदावर अशा सात-आठ निघतात. खऱ्या यंत्रात अणुकेंद्रांच्या झोताच्या दिशेची तिसरी मितीही तपासता येते म्हणून गर्दी एवढी जीवघेणी होत नाही, पण समोरासमोरच्या टकरीत खोट्या जोड्या वजा केल्याशिवाय एकही आकडा छापता येत नाही.

समोरासमोरची टक्कर कोणती, हे कुणी डोळ्यांनी पाहत नाही. दोन अणुकेंद्रांमधलं अंतर फर्मीमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या लाख कोटीव्या भागात मोजायचं. म्हणून ॲलिसमध्ये झोताच्या जवळच्या कोनात दोन्ही बाजूंना सिंटिलेटरच्या, म्हणजे कण शिरला की चमकणाऱ्या पदार्थाच्या, चकत्या होत्या. त्यांत उमटलेल्या एकूण संकेताच्या उतरत्या क्रमाने टकरी लावायच्या आणि वरच्या ५ टक्क्यांना मध्यवर्ती म्हणायचं. किती न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, प्रत्यक्ष भिडले ते ग्लाउबर या भौतिकशास्त्रज्ञाच्या गणितातून येतं: दोन शिशांचे मिळून ४१६, त्यांतले मध्यवर्ती टकरीत साधारण ३८५. नुसत्या घासून गेलेल्या शेवटच्या १० टक्के टकरी सोडून देतात, कारण शिशाच्या ८२ प्रोटॉनांचं विद्युतक्षेत्र केंद्रं एकमेकांना न शिवताही कण उडवतं आणि तो कचरा टकरीसारखा दिसतो.

एवढं सगळं करून फळ्यावर आकडा लिहिला: १९४३ ± ५४. २०१५ साली, न्यूक्लिऑनच्या जोडीमागे ५.०२ टीईव्ही (एक टीईव्ही म्हणजे दहा लाख एमईव्ही) ऊर्जेला झालेल्या मध्यवर्ती टकरीत, झोताशी साधारण ६२ ते ११८ अंशांच्या पट्ट्यात निघालेले विद्युतभारित कण. सगळ्या दिशा धरल्या तर एका टकरीतून एकवीस हजारांच्या घरात. त्याच्याखाली २०१० चा जुना आकडा लिहिला, २.७६ टीईव्हीचा: १५८४ ± ४ ± ७६. या दुसऱ्या ओळीवर मी नेहमी थांबते. ४ ही मोजणीची चूक, जास्त टकरी मोजल्या की ती आपोआप आटते. ७६ ही पद्धतीची चूक. कोटी टकरी मोजल्या तरी ती जागची हलत नाही, कारण ती मोजलेल्या कणांत नसून न दिसलेल्या कणांच्या अंदाजात बसलेली असते.

हा अंदाज कसा काढतात ते सांगितलं. हिजिंगसारख्या प्रोग्रॅममधून संगणकावर टकरी घडवायच्या, त्यांतले कण डिटेक्टरच्या हुबेहूब प्रतिकृतीतून सोडायचे, शंभर सोडले तर किती सापडले ते बघायचं आणि खऱ्या मोजणीला त्या प्रमाणाने भागायचं. मेलेले पिक्सेल, दोन पट्ट्यांमधल्या फटी, झोताच्या पाइपात अडकलेले कण, सगळं त्या एका गुणोत्तरात येतं.

तेव्हा ती मुलगी उठली. "मॅडम, आमच्याकडे जिनिंगला नमुना लावून उतारा काढतात, कापसातून किती रुई निघेल तो. तुमचा नमुना तर तुम्हीच संगणकावर बनवला. मग उतारा कुणी काढला?"

या विषयावर इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. वेळ संपला होता, आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. मी तिला म्हटलं, आधी मला तुझं जिनिंग दाखव, मग बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या काकांनी ते दाखवलं. आवारात कापसाच्या गंजी, आत रोलर जिनांची रांग, एकीकडे रुई, खाली सरकी, आणि हवेत इतके तंतू की पापण्या पांढऱ्या होतात. उतारा म्हणजे शंभर किलो कापसातून किती किलो रुई निघाली. माल बरा असेल तर ३३ ते ३५. पुढे रुई दाबून १७० किलोची गठाण बांधतात. बाहेर पडलेल्या रुईवरून आत किती कापूस गेला ते सांगायचं तर उताऱ्याने भागायचं. आमचंही नेमकं हेच. मी विचारलं, नमुना कुठून घेता? काका म्हणाले, "वरचा कापूस बघून भाव देणारा बुडतो, ताई. वरून, मधून आणि तळातून, तिन्हीकडून मूठ काढायची. ओल तळाला असते, आणि दोन वाणांचा माल मिसळला असेल तर एका वाणाचा उतारा दुसऱ्याला लावून चालत नाही."

तिथेच गंजीशेजारी उभं राहून मी तिला उत्तर दिलं, आणि ते मला कॉलेजात फळ्यावर दिलं असतं त्यापेक्षा नीट देता आलं.

मिसळलेल्या वाणांपासून सुरुवात केली. आपल्याला फक्त टकरीत जन्मलेले कण मोजायचे असतात. पण के-शॉर्ट आणि लॅम्डा हे स्ट्रेंज नावाचे क्वार्क (पदार्थाचे मूलकण) असलेले कण सरासरी काही सेंटिमीटरच टिकतात आणि वाटेत फुटतात. त्यांची पिल्लं वजा करावी लागतात. हिजिंगमध्ये हे कण प्रत्यक्षापेक्षा कमी निघतात. तो उतारा तसाच लावला तर वजाबाकी कमी पडते आणि आकडा फुगतो. म्हणून खऱ्या टकरींत के-शॉर्ट आणि लॅम्डा किती आहेत ते स्वतंत्र मोजतात. त्यांच्या फुटण्यातून निघालेल्या दोन कणांचं एकत्रित वस्तुमान ४९८ किंवा १११६ एमईव्हीला टोक दाखवतं, त्यामुळे ते ओळखू येतात. मग संगणकातल्या मालात त्यांचं प्रमाण तेवढं वाढवून उतारा नव्याने काढतात.

तळाची ओल म्हणजे डिटेक्टरचं स्वतःचं सामान. पाइप, सिलिकॉन, तारा, थंडाव्याच्या नळ्या यांना धडकूनही नवे कण निघतात. प्रतिकृतीत हे सामान बरोबर भरलंय का, हे नकाशावरून ठरवत नाहीत. फोटॉन या सामानातून जाताना त्याची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी होते. अशा जोड्या खऱ्या मोजणीत कुठे आणि किती झाल्या ते प्रतिकृतीशी ताडतात, आणि ॲलिसमध्ये या वाटेने सामानाचा अंदाज साडेचार टक्क्यांच्या आत आणला गेला. शिवाय सगळं विश्लेषण दुसऱ्या प्रोग्रॅमच्या टकरी वापरून पुन्हा करतात. दोन उत्तरांतला फरक जातो कुठे? त्या ५४ मध्ये, त्या ७६ मध्ये.

मिश्र मालाचा त्रास भारतीय गटांनी फार जवळून सोसला आहे. कोलकाता, भुवनेश्वर, जम्मू, चंदीगड, जयपूर आणि मुंबईच्या संस्थांनी मिळून ॲलिससाठी फोटॉन मोजणारा पीएमडी उभा केला. आर्गॉन ७० आणि कार्बन डायऑक्साइड ३० टक्के या मिश्रणाने भरलेली, मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, पुढे शिशाचा थर. फोटॉन शिशात फुटून अनेक घरं पेटवतो, हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले, प्रोटॉनसारखे कण) बहुतेक वेळा एकच. पण काही हॅड्रॉन फोटॉनचं सोंग घेतात, आणि संकेताचा उंबरठा कुठे ठेवायचा यावर सगळं अवलंबून. वर चढवला तर फोटॉन गळतात, खाली आणला तर हॅड्रॉन शिरतात. ही कामं आपल्या माणसांनी हाताने केली आहेत, हे खानदेशातल्या बी.एस्सी.च्या पोरांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

जळगाव स्टेशनवर कागद आवरताना तिच्या कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: "जो कण दुसऱ्या वर्तुळापर्यंत आलाच नाही, त्याचा नमुना कुठून आणणार?"

गाडीत बसून उत्तर लिहिलं. ५० एमईव्हीच्या खालच्या कणांसाठी आपण वरच्या कणांच्या वितरणाचा आकार शून्यापर्यंत ओढतो, तो आकार थोडा वर-खाली करून बघतो, आणि जेवढा फरक पडेल तेवढी चूक जाहीर करतो. २०१७ मध्ये झेनॉनच्या टकरी ०.५ ऐवजी ०.२ टेस्लाला घेतल्या होत्या. तुझ्या कागदावर मग ५० एमईव्हीचा ठिपका चार ऐवजी पावणेदोन मिलिमीटर सरकेल, आणि चार मिलिमीटर सरकणारा कण २० एमईव्हीचा असेल. पण इतका मंद कण वाटेतल्या ०.८ मिलिमीटर जाडीच्या बेरिलियमच्या पाइपातच थांबू शकतो, आणि चुंबक मंद केल्याने तो सुटत नाही. लिफाफ्यात नवा कागद घातला: तीच दोन वर्तुळं, आणि त्यांच्या आत ३ सेंटिमीटरवर पाइपाचं तिसरं, जाड शिसपेन्सिलीने काढलेलं.