वाशाचं माप रेषेवर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याचं छप्पर नव्याने उभं करायचं काम आमच्याकडे आलं होतं. कौलं उतरवली, रिपा काढल्या आणि मधल्या खोलीची खरी अवस्था दिसली. टोकांना भिंतींमधलं अंतर १४ फूट, मध्यभागी १४ फूट ५ इंच! तिथली तुळई, म्हणजे दोन भिंतींना जोडणारं आडवं लाकूड, वाळवीने पोकळ झालेली. वासे खाली सरकायला बघतात तेव्हा भिंतींना बाहेर रेटतात आणि तो रेटा तुळई धरून ठेवते. तीच गेली, म्हणून भिंती फुगल्या.

सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात मी सिव्हिल शिकले. उतरत्या छपरांची ड्रॉइंगं तिथे पुष्कळ काढली. वासा आखून कापायला मात्र मला मिस्त्रीकाकांनी शिकवलं, ते या खोलीत.

नवी तुळई बसल्यावर कंत्राटदार म्हणाला, प्रत्येक वासा जागेवर मोजून कापा. काकांना ते अजिबात पटलं नाही.

"भिंत वाकडी आहे म्हणून छप्परही वाकडं करायचं का? सुतळी आण गं."

भिंत दीड फूट जाड. तिच्यावर इकडून तिकडे सुतळी ताणली आणि वॉलप्लेट, म्हणजे वासे टेकतात ते भिंतीवरचं आडवं लाकूड, भिंतीच्या कडेला न लावता सुतळीला लावली. दोन्ही बाजूंच्या वॉलप्लेटची बाहेरची कड ते बाहेरची कड बरोबर १६ फूट, सगळीकडे सारखी. फुगवटा खालीच राहिला. एवढ्या एका गोष्टीने सगळे वासे एका मापाचे झाले. ही युक्ती मला आजही फार मोठी वाटते.

मग आखणी. अर्धं अंतर ८ फूट, आढ्याची उंची ६ फूट, म्हणजे फुटाला ९ इंच चढ. काकांनी सागाचा ५ इंची वासा घोडीवर ठेवला, एक डोळा मिटून त्याची पाठ पाहिली आणि फुगीर बाजू वर घेतली; कौलांच्या भाराने ती सरळ होते. खालच्या कडेपासून दीड इंचावर त्यांनी लांब रेघ मारली.

"लांबी या रेघेवर मोजायची. लाकडाची कड विसर."

गुण्याच्या, म्हणजे काटकोनी मापपट्टीच्या, एका पट्टीवरचे १२ आणि दुसरीवरचे ९ या रेघेला टेकवून खूण केली, गुण्या पुढे सरकवला, पुन्हा खूण. प्रत्येक पाऊल तिरपं १५ इंचाचं. आठ पावलं झाल्यावर टेप लावला तर नेमके १० फूट. आढ्याकडचा उभा काप आणि वॉलप्लेटवरचा आडवा काप, दोन्ही त्याच गुण्यावरून मिळतात, कोन मोजावा लागत नाही. वॉलप्लेटवर बसणारी खाच रेघेपर्यंतच कापायची. वाशाच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल गेली तर वासा तिथेच कमजोर होतो. खाचेपुढे वळचणीसाठी दीड फूट बाहेर निघायचं होतं, ते दीड पाऊल.

समोरासमोरच्या वाशांच्या मध्ये येणारी आढ्याची फळी २ इंच जाड होती, म्हणून दोन्हीकडून १ इंच वजा. हा इंच आडवा मोजायचा, उभ्या कापाच्या रेघेला गुण्या लावून. उतारावर तोच सव्वा इंच भरतो. उतारावर इंच मोजणाऱ्याचा वासा दोन सूत, म्हणजे पाव इंच, लांब राहतो आणि आढं बसताना सगळी जोडी उचलली जाते.

पहिली जोडी वर चढवली. खाच वॉलप्लेटवर अशी बसली की मध्ये कागद जाईना. त्यातला एक वासा उतरवून त्यावर खडूने 'फर्मा' लिहिलं आणि पुढचा प्रत्येक वासा त्याच्यावरूनच आखला. आधी कापलेल्यावरून पुढचा आखत गेलं की पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर वेळी वाढत जाते.

मधली खोली संपल्यावर काकांनी गुण्या माझ्या हातात दिला.

"आता ओसरी तुझी. वर पत्रा आहे, चढ कमी घेऊ. बाराला पाच. पाऊल कितीचं?"

"तेरा इंच," मी म्हटलं आणि घोडीवर लाकूड ओढलं.